सुटकेचा महिना

"अकरा, सहा, नव्याण्णव," तुळशीराम म्हणाला आणि थांबला.

मी आकडे टाइप केले आणि पुढच्या तारखेची वाट बघत बसलो. पुढची तारीख येईना, तेव्हा मान वर केली. नोंदवहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून तो नुसता उभा होता.

"काय रे, अक्षर लागत नाही का? तुझंच तर आहे."

"लागतंय की साहेब. ही माजी हाय."

"तुझी म्हणजे?"

"माजी सुटका. अकरा जून."

चार वर्षांत त्या माणसाला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं असं सांगितलं तर गोष्टीला शोभेल, पण ते खरं नाही. एक तर मला तिथं लागून आठच महिने झाले होते, आणि दुसरं म्हणजे तुळशीराम चांगला हसरा होता. तेव्हाही हसला.

"मग पेढे कधी?" मी विचारलं.

"भाईर भेटा, देतो. आत कुठनं आणू?" असं म्हणून त्यानं बोट खालच्या ओळीवर नेलं. "घ्या. चोवीस, सहा, नव्याण्णव. सय्यद."

ही फेब्रुवारी १९९९ची गोष्ट. एका जिल्ह्याच्या कारागृहात मी कनिष्ठ लिपिक होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या वर्षी आमच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला आणि तो चालवता येणारा सगळ्या कचेरीत मी एकटा होतो. येणारा म्हणजे काय, तीन महिन्यांचा क्लास केलेला. पण वासरात लंगडी गाय शहाणी तशातला प्रकार. शिपायांपासून अधीक्षकांपर्यंत सगळे "नलावडेंना विचारा" म्हणायला लागले होते, आणि ते मला फार आवडायचं.

तुळशीराम वाघचौरे हा कैदी. बाहेर असताना दुकानांचे बोर्ड रंगवायचा, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं. बहिणीचा नवरा तिला रोज मारायचा. एक दिवस हा मधे पडला, मेव्हण्याला ढकललं, तो जात्याच्या दगडावर पडला आणि तिसऱ्या दिवशी वारला. पाच वर्षं सक्तमजुरी. ज्या बहिणीसाठी हे सगळं झालं, त्या हौसाबाईनं कोर्टात भावाच्याच विरुद्ध साक्ष दिली होती. मारायच्या तयारीनंच आला होता, असं सांगितलं होतं. चार वर्षांत ती एकदाही भेटायला आली नव्हती. हे मला त्यानं सांगितलं नाही, त्याच्या कागदांत होतं.

आणि ती नोंदवही. तुरुंगात सुटकेची एक वही असते. दर महिन्याला एक पान. कैदी आत आला की त्याची शिक्षा मोजायची, चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस वजा करायचे आणि ज्या महिन्यात सुटका येते त्या महिन्याच्या पानावर त्याचं नाव आणि तारीख लिहायची. माफीचे दिवस वाढले की नाव आधीच्या पानावर न्यायचं. महिना उजाडला की पान उघडायचं आणि त्या पानावरची माणसं सोडायची. इतकं साधं काम. नियमाप्रमाणे ते कारकुनानं करायचं, कैद्यानं त्या वहीला हातसुद्धा लावायचा नाही. पण आमचे तुरुंगाधिकारी बोबडे यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि कंटाळाही तितकाच. त्यांनी तीन वर्षांपूर्वी वही तुळशीरामच्या हातात दिली होती. कुणी विचारलं तर, "अरे, त्याच्या हातात पेन आहे, किल्ली नाही," म्हणायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

जानेवारीत गुर्जर नावाचे नवे अधीक्षक आले. शिस्तीचे. वहीत कैद्याचं अक्षर दिसलं तर आपलं काही खरं नाही, हे बोबड्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणून तर कॉम्प्युटरवर सगळ्यात आधी काय चढलं असेल, तर ती वही. तुळशीरामनं वाचायचं, मी टाइप करायचं. चार दिवसांत एकशे बेचाळीस नावं झाली. पाचव्या दिवशी बोबड्यांनी वही फडक्यात बांधून स्वतःच्या कपाटात तळाला ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

गुर्जर साहेबांना तारखा नको होत्या, महिना हवा होता. "एक तारखेला मला त्या महिन्याची यादी पाहिजे. बटण दाबलं की जून, बटण दाबलं की जुलै." मी तारखांच्या रकान्याचं रूप बदललं. दिवस दिसेनासा केला, नुसता महिना आणि वर्ष ठेवलं, आणि त्यावरच सगळी नावं लावली. पडद्यावर ते इतकं नीटनेटकं दिसायला लागलं की मी स्वतःच दोनदा बघितलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. बोबडे म्हणाले, "नलावडे, तुम्ही आता आमचे जावई झालात."

मार्च, एप्रिल सुरळीत गेले. मेच्या यादीत एक भानगड झाली. कोंडे नावाचा एक कैदी यादीत आला, त्याची फाइल काढली, तर सुटका पाच नोव्हेंबरला. सोडायच्या आदल्या दिवशी फाइल तपासायची पद्धत होती म्हणून कळलं. बोबडे माझ्याकडे बघून म्हणाले, "काय जावईबापू, यंत्राला डुलकी लागली काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात चुकला असेल, असं म्हणून मी कोंड्याची नोंद तिथल्या तिथं नोव्हेंबरला नेली आणि गप्प बसलो. बाकीच्या एकशे एक्केचाळीस नोंदी तपासायला मला फार तर दोन दिवस लागले असते. पण तपासायच्या तर कपाटातली वही मागावी लागली असती, आणि का मागतोय तेही सांगावं लागलं असतं.

यादीत नसलेल्यांच्या फायली मात्र कुणीच उघडत नव्हतं. उघडायचं कारणच नव्हतं.

मेच्या मध्यावर तुळशीरामला पोस्टकार्ड आलं. आत येणारी-जाणारी पत्रं वाचायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मला पाठ आहे. 'दादास नमस्कार. माज्या पोटात गाठ हाय. डाक्टर म्हणले वेळ थोडा हाय. तू सुटला की आदी माज्याकडं ये. मला तुज्याशी बोलायचं हाय. अक्षर रंजीचं.' रंजी म्हणजे रंजना, हौसाबाईची मुलगी, सोळा वर्षांची.

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तीन-चारदा वाचलं.

"चार वर्सांनी बोलायचं म्हणतीय," तो म्हणाला. "शिव्या दील का काय करंल, देव जाणे."

"शिव्या द्यायला कुणी बोलावत नाही रे."

"दिल्या तरी घेईन साहेब. बोलंल तर खरी."

त्यानं लगेच उलट कार्ड लिहिलं. 'अकरा जूनला सुटतो. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं येतो. तोवर तब्येत सांभाळ.' मी ते वाचलं, शिक्का मारला आणि टपालात टाकलं.

एक जूनला बटण दाबलं, यादी छापली, बरॅकीत वाचून दाखवली. दुपारी तुळशीराम कचेरीच्या दारात उभा.

"साहेब, माजं नाव ऱ्हायलं."

मी कॉम्प्युटरवर त्याचं नाव काढलं. समोर नोव्हेंबर १९९९.

"तुझी सुटका नोव्हेंबरात आहे."

"नोव्हेंबर कसा? म्या वाचलं, तुमी घेतलं. ह्याच खुर्चीत बसला हुता. पेढे मागितले तुमी."

मला ते आठवत होतं. अगदी चांगलं आठवत होतं. पण समोर यंत्र स्वच्छ अक्षरांत नोव्हेंबर म्हणत होतं, आणि सांगतो ते ऐकून तुम्ही हसाल, मी माझ्या कानांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवला. मधे माफीचे दिवस कापले गेले असतील, मला कुणी सांगितलं नसेल, असं मनाशी म्हटलं आणि बोबड्यांकडे गेलो.

बोबडे सुपारी कातरत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"वहीत अकरा जून आहे म्हणतो?"

"हो. मी स्वतः ऐकलंय."

"ऐकलंय कुणाच्या तोंडून?"

"त्याच्याच."

"आणि लिहिलंय कुणी?"

मी त्यांच्या कपाटाकडं बघितलं.

"म्हणजे कैद्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची सुटका लिहिली, आणि स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवली. आणि तुम्ही ती वही गुर्जर साहेबांपुढं नेऊन ठेवणार. उद्या तो म्हणाला मी गेल्या वर्षीच सुटलो, तर काय नारळ देणार?"

"माफीचं कार्ड काढून पुन्हा मोजता येईल. कोर्टाचं शिक्षेचं वॉरंट आहे, कार्ड आहे. एका दुपारचं काम."

"मोजा की. मोजल्यावर जर जून निघाला, तर यंत्र चुकलं. यंत्र चुकलं तर बाकीच्यांचं काय, असं साहेब विचारतील. मग वही मागतील." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पंधरवड्यात डीआयजी साहेब कॉम्प्युटर बघायला येतायत. ते होऊन जाऊ दे. माणूस काय, कुठं पळून जात नाही."

शेवटच्या वाक्यावर ते पुन्हा हसले.

मी तुळशीरामला जाऊन म्हणालो, "आठ दिवस थांब. मी बघतो." तो थांबला. माझ्यावर त्याचा विश्वास होता, हे लिहिताना आजही लाज वाटते.

अकरा जूनला सकाळी मी आत फेरी मारली, तर तो अंघोळ करून, भांग पाडून, वळकटी बांधून बरॅकीच्या दाराशी बसला होता. नाव यादीत नाही हे त्याला माहीत होतं. तरी बसला होता. शिपाई चेष्टा करत होते, "वाघचौरे, टांगा बोलावू का?" संध्याकाळच्या बंदीला, बरॅकीला कुलूप लागताना, त्यानं वळकटी सोडली आणि जागेवर जाऊन पडला. मी त्या दिवशी पुन्हा आत गेलो नाही.

डीआयजी साहेब आले. मी बटण दाबून जून दाखवला, जुलै दाखवला, पुढच्या वर्षीचा मार्चसुद्धा दाखवला. त्यांनी माझं नाव विचारलं. त्यानंतर पुन्हा मोजणीचा विषय काढायचा, तर मलाच नकोसं वाटायला लागलं. रोज उद्या, उद्या करत जुलै उजाडला.

जुलैत दुसरं कार्ड आलं. 'मामा, अकरा तारीख होऊन महिना झाला. आईला आता उठवत नाही. एसटीच्या वेळेला दाराकडं तोंड करून निजती. येणार नसशील तर तसं कळव, म्हंजी मी तिला सांगते. रंजना.'

तुळशीराम कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, तिला नोव्हेंबर कसा कळवू, तिथंच जीव सोडंल ती. सोमवारी मोठं साहेब फेरीला येत्यात. त्येंच्याफुडं हुबा ऱ्हातो. सांगतो सगळं."

मी बोबड्यांना सांगितलं. बोबड्यांनी निरोप दिला, आणि तो निरोप मी शब्दाला शब्द पोचवला. मी म्हणालो, "बघ बाबा, तू बोललास की वही निघणार. सरकारी नोंदींत कैद्यानं हात घातला म्हणून तुझी सगळी माफी कापली जाईल. मग नोव्हेंबरही नाही, पुढची जानेवारी. तू शहाणा आहेस."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"वही मला तुमीच दिली हुती," तो म्हणाला. तुमीच म्हणजे आम्ही सगळे, कचेरी.

"मी देतो ना लक्ष. थोडं थांब."

सोमवारी गुर्जर साहेब फेरीला आले. तुळशीराम रांगेत खाली मान घालून उभा राहिला. कुणाची काही तक्रार, असं साहेबांनी विचारलं. कुणाची नव्हती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टपालाच्या गठ्ठ्यात एक कार्ड आलं, त्याचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड घरात घेत नाहीत, बाहेरच वाचतात आणि फाडून टाकतात, एवढं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी ते वाचलं. हौसाबाई अठ्ठावीस जुलैला गेली होती. मी ते शिपायाच्या हातानं आत पाठवलं. स्वतः गेलो नाही. शिपाई परत येऊन म्हणाला, "त्यानं वाचलंच नाही साहेब. कोपरा बघितला आणि खाली ठेवलं."

आणि आता खरी लाजेची गोष्ट. चूक मला कधी कळली? तर वीस ऑगस्टला, स्वतःमुळं. गुर्जर साहेबांना आता कर्मचाऱ्यांची यादी हवी होती, कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार त्याप्रमाणे. सुरुवात म्हणून मी माझीच जन्मतारीख टाकली, सात बारा चौऱ्याहत्तर. म्हणजे सात डिसेंबर. महिना आणि वर्ष असं रूप दिलं, तर पडद्यावर जुलै १९७४.

मी पुन्हा टाकली. पुन्हा जुलै.

माझा जन्म जुलैत झालेला नाही, याबद्दल मला काहीच शंका नव्हती. माझ्या तारखेच्या बाबतीत यंत्र खोटं बोलतंय हे मला एका क्षणात पटलं. मग मी दिवस दाखवायला लावला. तेव्हा सगळं उघड झालं. यंत्र अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेलं होतं. तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस. आपण अकरा सहा म्हटलं की आपला अकरा जून, त्याचा सहा नोव्हेंबर. पहिला आकडा तेरा किंवा जास्त असला की त्याला महिना करता येत नसल्यामुळं ते मुकाट्यानं उलटून बरोबर लावत होतं. म्हणून बहुतेक नावं जागेवर होती. चुकली होती ती फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली. त्यांतला तारीख उलटून आत राहिलेला एकटा तुळशीराम होता, बाकीच्यांच्या तारखा अजून यायच्या होत्या. दिवस दिसत असता, तर पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं असतं. तो मीच झाकला होता.

त्या दुपारी मी वॉरंट काढलं, माफीचं कार्ड काढलं आणि मोजलं. दोन तास लागले. अकरा जून.

बोबड्यांपुढं कागद ठेवला. ते प्रथमच हसले नाहीत.

"दिवस किती झाले?"

"उद्या एकाहत्तर."

"एकाहत्तर दिवस बेकायदा कोंडला. चौकशी लागली तर मी जातो, तुम्ही जाता, गुर्जर साहेबांचीही बदली." त्यांनी कॅलेंडरकडं बघितलं. "साहेब रजेवर कधीपर्यंत आहेत?"

"बुधवारपर्यंत."

"मग उद्या सकाळी सोडायचा. सुटताना सही घेतो त्या रजिस्टरला अकरा जून लिहा. जूनच्या पानावर खाली दोन ओळी रिकाम्या असतात नेहमी. रोजची कैद्यांची गिनती असते, तिचं मी बघतो."

"अकरा जून? उद्या एकवीस ऑगस्ट आहे."

"त्याची तारीख कुठली होती, नलावडे? अकरा जून. मग त्याच तारखेला सुटला. कुणाचं काय बिघडलं?"

गिनतीचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. दाखला मी टाइप केला. एक प्रत त्याच्या हातात द्यायची, एक त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याला पाठवायची. दोन्हींवर अकरा जून. माझ्या हातानं.

सकाळी तुळशीरामला कचेरीत आणलं. तो बारीक झाला होता. बोबड्यांनी रजिस्टर पुढं केलं. त्यानं पेन हातात घेतलं, वाचलं आणि थांबला.

"साहेब, ही तारीख?"

"हीच तुझी तारीख म्हणत होतास ना? घे. तुझंच खरं झालं."

"पर आज—"

"आज सुटायचंय का चौकशी संपेपर्यंत बसायचंय? चौकशीला दोन वर्षं लागतात."

त्यानं सही केली. तसंच छापल्यासारखं अक्षर.

फाटकापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. तिथं तो दाखल्याची घडी उलगडून उभा राहिला.

"बहीण अठ्ठावीस जुलैला गेली," तो म्हणाला. म्हणजे कार्ड त्यानं मागाहून वाचलं होतं. "ह्या कागदात म्या तवा भाईर हाय."

"कागद कोण बघतंय?"

"एक चिठ्ठी तरी द्या साहेब. आज सोडलाय, येवढंच लिवा. सही नगं. तुमचं अक्षर पुरं हाय मला."

"ते जमणार नाही रे."

त्यानं आग्रह केला नाही. मला हात जोडले आणि गेला.

पुढं माझी बदली झाली, बढती झाली. बोबडे निवृत्त होऊन दोन वर्षांत वारले. मी कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला दोनदा पुण्याला जाऊन आलो. आयुष्य चाललं होतं, तक्रार करायला जागा नव्हती. फक्त कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मी विषय बदलायचो.

२०१२ साली निवडणुकीच्या ड्युटीवर मला जे केंद्र मिळालं, ते निमजवाडीपासून चार किलोमीटरवर होतं. निमजवाडी हे हौसाबाईचं गाव. मतदान उरकलं, यंत्रं जमा झाली, दुसऱ्या दिवशी सगळे परत गेले आणि मी चालत निमजवाडीला गेलो. सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेलो. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

रंजना गिरणी चालवत होती. तिशीची असेल. केसांवर, भुवयांवर पीठ. मी सरकारी माणूस, निवडणुकीचं आलोय असं सांगितलं, तेव्हा तिनं पट्टा थांबवला आणि बसायला पोतं दिलं. वाघचौरे म्हणून कुणी तुमचे नातेवाईक होते का, असं मी विचारलं.

"मामा," ती म्हणाली. "तुमी कसं वळखता?"

"मी तिकडं कचेरीत होतो. जेलमध्ये."

ती हात झटकून समोर बसली.

"आईला त्याची माफी मागायची व्हती. कोर्टात खोटं बोलली व्हती ती, सासरच्यांनी दम दिला म्हणून. शेवटाला मला म्हणली, त्यो येणार न्हाई गं, त्याला सगळं ठाऊक हाय. दाराकडं तोंड करूनच गेली."

"आणि मामा?"

"आला व्हता. आई जाऊन महिना व्हत आला व्हता. म्हणला, रंजे, आत्ता सुटलो, सरळ हिकडंच आलोय. त्येच्या दोन दिस मागनं पोलीस पाटलाकडं ठाण्याचा कागद आला. पाटलानं सगळ्या गावाफुडं वाचला. जूनात सुटलेला. अडीच म्हयनं भाईर व्हता, आन् मला म्हणतोय आत्ता सुटलो." तिनं पदरानं तोंड पुसलं, पीठ आणखीच पसरलं. "म्या दार लावून घेतलं. दोन दिस शाळंच्या वट्यावर बसून व्हता. दारात येऊन म्हणायचा, रंजे, ऐक तरी. म्या उघडलं न्हाई. मग गेला. पुन्हा कुणी बघितला न्हाई."

जुळवलेली वाक्यं माझ्याजवळ होती. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं.

"तुमी कचेरीत व्हता म्हणजी तुमाला ठाऊक असंल," ती म्हणाली. माझ्याकडं अशी बघत होती की मला पोत्यावर नीट बसवेना. "खरं सांगा. कवा सुटला त्यो?"

खरं सांगितलं, तर निरपराध माणसाला दोन दिवस दाराबाहेर ठेवलं हे तिला कळेल. उरलेला जन्म ती ते घेऊन कशी काढेल, म्हणून मी बोललो नाही, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोला ते पटलं. पण ते खरं नाही. तिथं बसल्या बसल्या मला फक्त माझी पेन्शन आणि वर्तमानपत्रातलं माझं नाव दिसत होतं. बाकी काही नाही. मी भ्यालो.

"जूनमधेच," मी म्हणालो.

ती हळूहळू मान हलवत राहिली.

"बारा वर्सं मला आपलं वाटायचं, कागदातच कायतरी चुकलं असंल," ती म्हणाली आणि उठून पट्ट्याकडं गेली. "बरं झालं सांगितलंत."